प्रोग्रॅमची प्रायॉरिटी वाढवताना: कोणत्या क्रमाने, कुठवर आणि कधी नाही

‘टास्क मॅनेजर उघडा, प्रोग्रॅमवर राइट क्लिक करा, प्रायॉरिटी हाय करा, कॉम्प्युटर पळायला लागेल.’ हा सल्ला इतका फिरलाय की स्लो मशीनवर पहिला प्रयोग तोच होतो. हाय करून फरक दिसत नाही, मग माणूस आणखी एक पायरी चढतो आणि रिअलटाइम दाबतो. माऊस अडकतो, आवाज तुटक यायला लागतो आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायची वेळ येते. क्रम उलटा लावला की असंच होतं.

पुढचे टप्पे विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मेन्यूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तीच ठेवली आहेत. उदाहरणादाखल एकच काम डोळ्यासमोर ठेवू: लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट होतोय आणि त्याच मशीनवर बाकीची कामंही चालू आहेत.

हात लावण्याआधी एवढं कळायला हवं

प्रायॉरिटी म्हणजे वेग नव्हे. सीपीयूचा कोअर, म्हणजे त्यातला प्रत्यक्ष काम करणारा एक भाग, मोकळा झाला की पुढे कोणाला घ्यायचं, एवढंच ती ठरवते. दवाखान्यात तुमचा नंबर पहिला लागला म्हणून डॉक्टर भरभर तपासत नाहीत. आणि बाहेर कोणी बसलेलंच नसेल तर पहिल्या नंबराला काही अर्थच नाही.

विंडोजमध्ये सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीला आतून एक आकडा आहे: लो ४, बिलो नॉर्मल ६, नॉर्मल ८, अबव्ह नॉर्मल १०, हाय १३ आणि रिअलटाइम २४. हे आकडे म्हणजे वाटपाची टक्केवारी नाही, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. १० वाल्याला ८ वाल्यापेक्षा थोडं जास्त मिळतं असं नसतं. त्या कोअरवर १० वाल्याचं काम तयार असेल तर ८ वाला थांबतो. फार वेळ ताटकळलेल्या थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅमच्या कामाच्या एका धाग्याला, विंडोज मधूनमधून थोडा वेळ वर उचलते, त्यामुळे खालचे पूर्ण उपाशी मरत नाहीत, पण रखडतात नक्की. म्हणून एक पायरीसुद्धा पुष्कळ असते. आणि हाय ते रिअलटाइम ही उडी केवढी आहे, तेही आकड्यांत दिसतंच.

टप्पा १: अडलंय कुठे ते शोधा

हा टप्पा गाळूनच लोक फसतात, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. विंडोज १० मध्ये छोटीशी खिडकी आली तर खालचं ‘मोअर डिटेल्स’ दाबा. आता तुमचं जड काम सुरू करा, त्याला मिनिटभर चालू द्या आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन एकेक आलेख बघा.

सीपीयू सतत ९५ ते १०० टक्क्यांवर असेल आणि त्यात तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचाही मोठा वाटा असेल, तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे. ‘प्रोसेसेस’मध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की खाणारे वर येतात. शंभर टक्क्यांपैकी जवळजवळ सगळं तुमचा एक्स्पोर्टच खात असेल, तर तो आधीच पूर्ण वेगाने चाललाय. त्याला हाय करून काही मिळणार नाही. उलट तुमचं टायपिंग अडखळेल.

सीपीयू तीस-चाळीस टक्क्यांवर आणि डिस्क १०० वर असेल तर काम डिस्कपाशी तुंबलंय. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे हमखास दिसतं. मेमरी नव्वदीच्या पुढे आणि सोबत डिस्कही भरलेली असेल तर रॅम कमी पडतेय. विंडोज मेमरीतली माहिती डिस्कवर टाकून पुन्हा उचलत बसली आहे. या दोन्ही ठिकाणी प्रायॉरिटीचा उपयोग शून्य. रॅम वाढवा, एसएसडी टाका किंवा निदान ब्राउझर बंद करा. गेम खेळताना जीपीयू (चित्रं तयार करणारी चिप) १०० वर असेल तर तिथेही हीच गत, कारण ही प्रायॉरिटी सीपीयूची आहे.

मग येतो सगळ्यात फसवा प्रकार. सीपीयू एकूण तेरा टक्के, डिस्क शांत, मेमरी मोकळी, तरी प्रोग्रॅम रखडलेला. परफॉर्मन्समध्ये ‘लॉजिकल प्रोसेसर्स’चा, म्हणजे विंडोजला दिसणाऱ्या कोअरचा, आकडा बघा. तो ८ असेल तर एका कोअरचा वाटा १०० भागिले ८, म्हणजे साडेबारा टक्के. ‘डिटेल्स’मध्ये तुमच्या प्रोग्रॅमसमोर १२ किंवा १३ वर आकडा चिकटून बसला असेल, तर तो एकाच कोअरवर चालतोय आणि तो कोअर भरलाय. बाकी सात रिकामे असताना त्याच्याशी भांडायला कोणीच नाही. ४ लॉजिकल प्रोसेसर असतील तर हाच आकडा २५ असतो. पुष्कळ जुनी सॉफ्टवेअर अशीच चालतात. त्यांची प्रायॉरिटी वाढवून काही होत नाही.

शेवटचं, लॅपटॉपवाल्यांसाठी: सीपीयूच्या आलेखाखाली ‘स्पीड’ आणि ‘बेस स्पीड’ दोन्ही दिसतात. काम चालू असताना स्पीड बेस स्पीडच्या बरीच खाली घसरत असेल तर मशीन तापलंय किंवा वीज वाचवतंय. चार्जर लावा, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर न्या, लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा. एप्रिल-मेमध्ये निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तपासा: सीपीयू भरलेला आहे आणि त्यासाठी दोन किंवा जास्त प्रोग्रॅम भांडताहेत, या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे चला.

टप्पा २: आधीचा वेळ मोजून ठेवा

‘जरा फास्ट वाटतंय’ यावर विश्वास ठेवू नका. दोन-तीन मिनिटांची एक क्लिप निवडा, तीच सेटिंग्ज ठेवा आणि एक्स्पोर्टला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा.

पहिल्या वेळचा आकडा फेकून द्या. पहिल्यांदा फाइल डिस्कवरून वाचली जाते, पुढच्या वेळी तिचा बराच भाग रॅममध्ये तयार असतो. म्हणजे काहीही न बदलता दुसरी फेरी जलद होऊ शकते आणि श्रेय प्रायॉरिटीला मिळतं. दुसऱ्या फेरीचा वेळ लिहून ठेवा. लॅपटॉप असेल तर दोन फेऱ्यांच्या मध्ये थोडा थांबा, त्याला निवू द्या.

मोजताना मागे रोजची कामं चालूच ठेवा. सगळं बंद करून मोजलंत तर भांडणच उरत नाही.

टप्पा ३: आधी बाकीच्यांची कमी करा

माझ्या मते प्रायॉरिटीचा खरा उपयोग हाच आहे आणि लोक नेमका हाच सोडतात. एकाला वर चढवलं की तो विंडोजच्या स्वतःच्या कामांच्याही पुढे जातो. बाकीच्यांना खाली उतरवलं तर तुमच्या प्रोग्रॅमला वाट मिळते आणि विंडोजही नॉर्मलवर सुखाने चालते.

बंद करता येण्यासारखं काही असेल तर सरळ बंद करा. जे चालू ठेवावंच लागतं, म्हणजे फाइली सिंक करणारा प्रोग्रॅम, एखादं मोठं डाउनलोड, बॅकअप, ते ‘बिलो नॉर्मल’वर टाका. ‘डिटेल्स’मध्ये नाव शोधा, राइट क्लिक, ‘सेट प्रायॉरिटी’, ‘बिलो नॉर्मल’. विंडोज एकदा विचारेल, ‘चेंज प्रायॉरिटी’ दाबा.

आपल्या उदाहरणातही उलटून विचार करून बघा. तुम्हाला एक्स्पोर्ट लवकर हवाय, की एक्स्पोर्ट चालू असताना पत्र टाइप करता यायला हवंय? दुसरं हवं असेल तर एक्स्पोर्टलाच बिलो नॉर्मल करा. तुम्ही टाइप करता तेव्हा वर्डला सीपीयू कितीसा लागतो? उरलेला जवळजवळ सगळा वेळ एक्स्पोर्टलाच मिळतो. तो जेमतेम थोडा उशिरा संपेल, पण मशीन तुमच्या हातात राहील. सेव्हन-झिप या फाइली कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मोठी फाइल कॉम्प्रेस करताना ‘बॅकग्राउंड’ असं बटण दिसतं, ते यासाठीच आहे.

सावधान: सिस्टिम, सीएसआरएसएस, विनलॉगऑन, डीडब्ल्यूएम या विंडोजच्या स्वतःच्या आणि आवाजाशी संबंधित प्रोसेसना हात लावू नका. काही प्रोसेसवर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येईल. अँटिव्हायरसवर येतोच, कारण तो संरक्षित असतो. त्याच्याशी झगडण्यापेक्षा त्याच्या स्कॅनची वेळ रात्रीची करा. गेममधली लबाडी पकडणाऱ्या अँटी-चीट प्रोग्रॅमवरही हाच संदेश येतो, तिथे आडवाटा शोधू नका.

हेही ध्यानात ठेवा की टास्क मॅनेजरमधून खाली उतरवलेली प्रायॉरिटी सीपीयूपुरतीच असते. डिस्कवर धुमाकूळ घालणारा बॅकअप ‘लो’वर टाकूनही डिस्क तशीच खात राहील. तो थांबवावाच लागतो.

टप्पा ४: तुमच्या प्रोग्रॅमची एकच पायरी वाढवा

टप्पा ३ नंतर पुन्हा वेळ मोजा. काम भागलं असेल तर इथेच थांबा.

नसेल भागलं तर आधी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये बघा. ओबीएस या रेकॉर्डिंग आणि लाइव्ह प्रक्षेपणाच्या प्रोग्रॅममध्ये सेटिंग्जच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात ‘प्रोसेस प्रायॉरिटी’ आहे. व्हिडिओचं रूपांतर करणाऱ्या हँडब्रेकच्या प्रेफरन्सेसमध्येही प्रायॉरिटी आहे. प्रोग्रॅमने स्वतः लावलेली पायरी पुढच्या वेळीही टिकते. शिवाय तो चालू होताना आपलीच सेटिंग लावत असेल, तर बाहेरून केलेला बदल पुसला जातो.

अशी सोय नसेल तर ‘प्रोसेसेस’मध्ये प्रोग्रॅमवर राइट क्लिक करून ‘गो टू डिटेल्स’ घ्या. नावावर अंदाज बांधून चुकीची प्रोसेस पकडण्यापेक्षा हा रस्ता बरा. तिथे ‘सेट प्रायॉरिटी’मधून ‘अबव्ह नॉर्मल’ निवडा. हाय नाही.

लाइव्ह काम, म्हणजे ओबीएसवरून चाललेलं व्याख्यान किंवा कीर्तनाचं प्रक्षेपण, इथे अबव्ह नॉर्मल खरोखर कामाला येतं. तिथे एकूण वेग महत्त्वाचा नसतो. प्रत्येक फ्रेम वेळेवर जायला हवी असते आणि मध्येच ब्राउझरने उसळी मारली की फ्रेम गळतात. रात्रभर चालणाऱ्या एक्स्पोर्टला मात्र याची काही गरज नाही. तुम्ही झोपल्यावर त्याच्याशी भांडायला कोण असतं?

हाय कधी लावावं? थोडंसंच काम करणाऱ्या पण लगेच प्रतिसाद द्यावा लागणाऱ्या प्रोग्रॅमला. टास्क मॅनेजर स्वतः हायवर चालतो, म्हणून तर मशीन तुंबलेलं असतानाही तो बऱ्याचदा उघडतो. सीपीयू सलग चावत बसणाऱ्या प्रोग्रॅमला हाय दिलंत तर अडचणीच्या वेळी त्याला थांबवायला टास्क मॅनेजरलाही त्याच्याशी स्पर्धा करावी लागेल.

सावधान: सेट प्रायॉरिटीच्या जवळच ‘सेट अ‍ॅफिनिटी’ असतं. घाईत तेच दाबलं जातं आणि दोन-चार कोअरवरची खूण निघते. अ‍ॅफिनिटी कोअर काढून घेते, नवीन देत नाही. सगळ्या खुणा आधीपासून असतात, त्या तशाच राहू द्या.

टप्पा ५: बदल खरंच लागला का ते बघा

डिटेल्समधल्या रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करा, ‘सिलेक्ट कॉलम्स’ घ्या आणि ‘बेस प्रायॉरिटी’वर खूण करा. आता प्रत्येक प्रोसेससमोर तिची पायरी दिसेल. हा रकाना कायमचा ठेवा, बऱ्याच शंका तिथल्या तिथे फिटतात.

रकान्यात ‘अबव्ह नॉर्मल’ दिसतंय आणि तरी फरक नाही? मग खरं काम दुसरीच प्रोसेस करत असेल. आजचे प्रोग्रॅम कामं वाटून देतात. हँडब्रेकच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एन्कोडिंग ‘हँडब्रेक डॉट वर्कर’ नावाची वेगळी प्रोसेस करते. तुम्ही वरच्या खिडकीच्या प्रोसेसला बढती देऊन बसलात तर काम करणारा नॉर्मलवरच राहतो. डिटेल्समध्ये सीपीयूच्या रकान्याने क्रम लावा आणि जी प्रोसेस प्रत्यक्ष सीपीयू खातेय तिला धरा.

विंडोजचा एक नियम इथे उपयोगी पडतो. मूळ प्रोसेस बिलो नॉर्मल किंवा ‘लो’वर असेल तर तिने चालू केलेल्या नव्या प्रोसेस आपोआप तीच पायरी घेतात. मूळ प्रोसेस अबव्ह नॉर्मल किंवा हाय असेल तर मात्र पोरं नॉर्मलवरच जन्मतात. खाली उतरवणं वारशाने जातं, वर चढवणं जात नाही.

विंडोज ११ मध्ये आणखी दोन गोष्टी आडव्या येतात. प्रोसेसेसमध्ये नावासमोर हिरवं पान दिसलं तर ती ‘एफिशियन्सी मोड’मध्ये आहे, त्यात प्रायॉरिटी ‘लो’वर जाते आणि वीज वाचवण्याला झुकतं माप मिळतं. राइट क्लिक करून तो मोड काढा, मग प्रायॉरिटीकडे वळा. दुसरं, इंटेलच्या १२व्या पिढीपासून पुष्कळ प्रोसेसरमध्ये ताकदीचे आणि काटकसरीचे असे दोन प्रकारचे कोअर असतात. खिडकी मिनिमाइज केली की विंडोज तिचं काम काटकसरीच्या कोअरवर ढकलू शकते. एक्स्पोर्ट अचानक मंदावला तर खिडकी पुन्हा वर आणून बघा, कदाचित तेवढ्यानेच भागेल.

तपासा: टप्पा २ मधली तीच क्लिप, तीच सेटिंग्ज, पुन्हा वेळ. दोन्ही वेळा जवळपास सारख्या असतील तर प्रायॉरिटी परत नॉर्मल करा. उपयोग नसताना वर ठेवण्यात फक्त तोटा आहे.

टप्पा ६: टिकवायचं असेल तर

टास्क मॅनेजरमधला बदल प्रोग्रॅम बंद होईपर्यंतच असतो. ‘काल लावलं होतं, आज गेलं’ या तक्रारीचं कारण एवढंच.

रोज लागणार असेल तर शॉर्टकट करा. डेस्कटॉपवर राइट क्लिक, ‘न्यू’, ‘शॉर्टकट’. पत्त्याच्या चौकटीत पुढच्या गोष्टी याच क्रमाने, इंग्रजी अक्षरांत, प्रत्येकीच्या मध्ये एक जागा सोडून लिहायच्या: सीएमडी, स्लॅश आणि त्याला चिकटून सी, स्टार्ट, लागोपाठ दोन दुहेरी अवतरणचिन्हं, मध्ये काही नाही, स्लॅश आणि त्याला चिकटून अबव्हनॉर्मल, सलग एकच शब्द, आणि शेवटी दुहेरी अवतरणात प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता.

ती रिकामी अवतरणचिन्हं गाळली की गडबड होते. स्टार्ट कमांड अवतरणातली पहिली गोष्ट खिडकीचं नाव समजते; मग प्रोग्रॅमचा पत्ताच नाव ठरतो आणि प्रोग्रॅमऐवजी नुसती काळी खिडकी उघडते. पत्ता हाताने टाइप करू नका. डिटेल्समध्ये प्रोसेसवर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या, मग शिफ्ट दाबून फाइलवर राइट क्लिक करा आणि ‘कॉपी अ‍ॅज पाथ’ निवडा. त्यात अवतरणचिन्हं आधीच असतात, पुन्हा लावू नका.

शॉर्टकटवरून एकदा चालू करून बेस प्रायॉरिटीचा रकाना बघा. प्रोग्रॅम एखाद्या लाँचरमधून उघडत असेल तर शॉर्टकटची पायरी लाँचरलाच लागेल, खऱ्या प्रोसेसला नाही. अशांसाठी प्रोसेस लॅसोसारखा प्रोग्रॅम लागतो. तो चालू राहून नावाप्रमाणे पायरी लावत राहतो. रजिस्ट्रीतूनही, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातूनही, कायमची सोय करता येते, पण ती त्या नावाच्या प्रत्येक फाइलला लागू होते आणि सहा महिन्यांनी काय केलं होतं ते आठवत नाही. ऑफिसच्या सामाईक मशीनवर तर मी ती सुचवणारच नाही.

रिअलटाइम आणि इतर आडवाटा

रिअलटाइमचा अर्थ ‘सगळ्यात फास्ट’ असा नाही. या पायरीवरचा प्रोग्रॅम विंडोजच्या ज्या थ्रेडना मागे टाकू शकतो त्यांत माऊस, कीबोर्ड आणि डिस्कवर माहिती उतरवणारे थ्रेडही येतात. सलग सीपीयू खाणारा प्रोग्रॅम तिथे बसवला तर त्याला थांबवायचा क्लिकसुद्धा पोचत नाही, आणि न उतरलेली माहिती जाण्याचा धोका वेगळाच. अ‍ॅडमिनची परवानगी नसताना रिअलटाइम निवडलं तर विंडोज गुपचूप हायच लावते. त्यामुळे ‘मी रिअलटाइम लावतो, मला काही होत नाही’ म्हणणारे बरेच जण खरं तर हायवरच असतात.

सगळ्या आवडत्या प्रोग्रॅमना हाय देणाऱ्यांचं गणित साधं चुकतं. पाचही जण हायवर असतील तर त्यांच्यात पुन्हा बरोबरीच. मागे पडतात त्या फक्त नॉर्मलवरच्या विंडोजच्या सेवा.

एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग्जच्या खिडकीत जाऊन प्रोसेसरची संख्या वाढवा, हाही एक लाडका उपाय. तिथली ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ची खूण नसताना विंडोज सगळे कोअर वापरतेच. खूण करून आकडा कमी राहिला तर कोअर गमावता.

लिनक्सवर असाल तर

तिथे आकडा उलटा चालतो. तिथल्या या आकड्याला नाइस म्हणतात. त्याचं मूल्य उणे २० पासून १९ पर्यंत असतं, सुरुवात ० पासून, आणि आकडा जितका मोठा तितकी प्रायॉरिटी कमी. जड काम सुरू करतानाच नाइस कमांडने १० वगैरे द्या. चालू असलेल्याला रीनाइसने. बाकीचे टप्पे तेच: आधी टॉप किंवा एचटॉप या टास्क मॅनेजरसारख्या प्रोग्रॅममध्ये अडलंय कुठे ते बघा, मग जड कामाला खाली उतरवा. उण्या आकड्यांसाठी रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला युजर, लागतो. आणि साधारण सेटिंगमध्ये साध्या युजरने एकदा १० केलेलं त्याला स्वतःला परत ० वर आणता येत नाही, तेव्हा आकडा विचार करून द्या किंवा काम नव्याने सुरू करायची तयारी ठेवा.